कोकणमेव्याचं भेटकार्ड: आधी कागद रंगवा, मग फळं कापा

एका वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या मावसबहिणीला बंगळूरहून घरी येता आलं नाही. त्या वर्षी हे कार्ड मी पहिल्यांदा केलं. आंबे तिला तिथेही मिळतात. पण आमच्या देवरुखकडच्या घरामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर जायचं, जाळीतली करवंदं काढायची, एकेक तोंडात टाकण्याआधी समोरच्याला विचारायचं, "कोंबडा की कोंबडी?" आणि मग अर्धं तोडून दाखवायचं, हे कुठे विकत मिळत नाही. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. हा खेळ कागदावर आणता येईल का, या विचारातून झाकण उघडून बघता येतील अशी करवंदं तयार झाली. पुढच्या वर्षी कार्डात फणस आला, त्याला दोन दारं आली, दारांआड गरे आले. आता दर उन्हाळ्यात मी अशी पाच-सहा कार्डं करते आणि आसपासच्या मुलांनाही शिकवते.

या कार्डासाठी चित्रकला चांगली असण्याची गरज नाही. गरज आहे ती फळ हातात घेऊन दोन मिनिटं नीट बघण्याची. दुकानातून पिवळा कागद आणून आंबा कापला, जांभळा आणून करवंद कापलं, तर कार्ड बालवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखं दिसतं, कारण कुठलंच फळ एका रंगाचं नसतं. म्हणून माझी पद्धत अशी: आधी साध्या पांढऱ्या कागदांवर फळांचे रंग चढवायचे, ते सुकवायचे, आणि मग त्या रंगवलेल्या कागदांतून फळं कापायची. रंग एकमेकांत मिसळताना जी मजा होते ती आपोआप फळाच्या अंगावर येते.

काम दोन बैठकांचं आहे. संध्याकाळी रंगकाम, दुसऱ्या दिवशी सकाळी कापाकापी आणि चिकटवणं. एका बैठकीत उरकायला गेलात तर ओले कागद कापावे लागतात आणि कडा फाटतात.

सामान

कार्डासाठी ए४ आकाराची, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटरची जाड कार्डशीट घ्या. स्टेशनरीच्या दुकानात २५० ते ३०० जीएसएमची मागा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए४ कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, त्यामुळे ३०० जीएसएमची एक शीट सुमारे १९ ग्रॅम भरते. कार्ड पोस्टाने जाणार असेल तर हा हिशेब डोक्यात असू द्या आणि २५० ची शीट घ्या. रंग पांढराशुभ्र नको, साईसारखा हवा. हातकागद मिळाला तर फारच छान. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्थेत १९४० पासून असा कागद बनतो. सुती चिंध्यांच्या लगद्याचा तो कागद थोडा खरबरीत असतो, आणि फळांच्या पानांना तो खरबरीतपणा शोभतो. मात्र घडी घालताना त्याला जास्त जपावं लागतं.

रंगवण्यासाठी साधा ड्रॉइंग पेपर पुरतो, दीडशे जीएसएमच्या आसपासचा. रंग पोस्टर कलर: लेमन यलो, ऑरेंज, क्रिमझन, अल्ट्रामरीन ब्लू, सॅप ग्रीन, बर्न्ट सिएना आणि पांढरा. काळ्याची गरज नाही. एक रुंद चपटा ब्रश, एक बारीक गोल ब्रश, भांडी घासायच्या स्पंजचा नवा तुकडा, जुना टूथब्रश, मास्किंग टेप, बटर पेपर, पेन्सिल, लहान टोकदार कात्री, कटर, स्टीलची पट्टी, फेव्हिकॉल, फोमची दुहेरी टेप, पांढरं जेल पेन आणि बॉलपेनची संपलेली रिफिल. ही रिफिल फेकू नका. घडीची रेघ आणि फणसाचे काटे दोन्ही तिच्याच जिवावर आहेत.

नैसर्गिक रंगांचा मोह बऱ्याच जणांना होतो. कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट रस, कागदावर पसरलं की फार देखणा रंग येतो, जांभळाचा रसही तसाच. मी दोन्ही करून पाहिलंय. रंग टिकत नाही, काही आठवड्यांत फिका मातकट होतो, आणि फळाच्या रसात साखर असल्यामुळे मुंग्या येतात. ज्याला कार्ड वर्षानुवर्षं ठेवायचं आहे त्याच्यासाठी हे रंग वापरू नका.

फळं कोणती?

पाचपेक्षा जास्त नकोत. माझ्या कार्डात आंबा, काजूचा बोंडू, रातांबा (कोकमाचं फळ), करवंद आणि फणस असतात. पिवळा, केशरी, लाल, जांभळा आणि हिरवट तपकिरी अशी रंगांची ओळ त्यांच्यातच तयार होते. तुम्ही नागपूरकडचे असाल तर संत्र्याच्या फोडी घ्या, सोलापूरकडचे असाल तर उकललेलं डाळिंब, नाशिकचे असाल तर द्राक्षांचा घड. घड करायला सोपा: रंगवलेल्या कागदाला पंचिंग मशीनने भोकं पाडायची आणि पडलेल्या टिकल्या एकमेकींवर थोड्या चढवत चिकटवायच्या. पद्धत तीच राहते. फक्त जे फळ तुम्ही आणि कार्ड मिळणाऱ्या माणसाने मिळून खाल्लंय तेच निवडा.

निवडलेलं फळ समोर ठेवा. हापूस बघा. साडीच्या काठावरची कुयरी आणि हापूस यांचा आकार एक नाही. हापूसला टोकदार चोच नसते. तोतापुरीला असते, नावच त्यावरून पडलंय. हापूस अंड्यासारखा, पण एक खांदा जरा वर चढलेला, आणि देठ अगदी मधोमध नाही. साल जवळून बघितली तर सगळीकडे फिकट पिवळे बारीक ठिपके दिसतात. देठाजवळ बऱ्याचदा हिरवट छटा उरलेली असते. बोंडू लांबट ढोबळी मिरचीसारखा, आणि काजूची बी त्याच्या आत नसते, खाली बाहेर लोंबते. मुलं हटकून ती आत काढतात, म्हणून मुद्दाम सांगते. रातांबा लहानसा गोल, गडद लाल, देठाशी हिरवट टोपी. आंब्याची पानंही बघून घ्या. जून पानं गडद हिरवी, पण नवी पालवी तांबूस असते. कार्डावर असं एक जरी तांबूस पान आलं तरी बघणाऱ्याला झाड आठवतं.

कागद रंगवणं

हाच या कामातला सगळ्यात सुखाचा भाग, त्यामुळे घाई करू नका. ड्रॉइंग पेपरचे पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचे नऊ-दहा तुकडे करा आणि चारही कडा मास्किंग टेपने पाटाला किंवा प्लायवूडला चिकटवा. टेप लावली नाही तर ओला कागद फुगतो आणि सुकल्यावर वाकडाच राहतो. रंग पाण्यात मिसळताना ताकाइतका पातळ ठेवा. घट्ट रंग सुकल्यावर घडीवर तडकतो, फार पातळ असला तर डबकी साचतात.

आंब्यापासून सुरुवात करा. रुंद ब्रशने पूर्ण कागदावर लेमन यलो लावा. तो ओला असतानाच उजव्या कडेकडून ऑरेंज आत ओढत आणा, साधारण अर्ध्या कागदापर्यंत. ब्रश धुवा. आता डाव्या वरच्या कोपऱ्यात थोडा सॅप ग्रीन टेकवा आणि पिवळ्यात विरघळू द्या. हिरवा आणि केशरी यांच्यामध्ये पिवळ्याचा पट्टा राहिलाच पाहिजे. ते दोन एकमेकांना भिडले की चिखलाचा रंग होतो, आणि मग आंबा नासका दिसतो. ब्रश दोन-तीनदाच फिरवा. जितका घोळवाल तितका रंग मरतो. कागद पूर्ण सुकला की पिवळ्यात पांढरा मिसळून फिकट रंग करा, टूथब्रश त्यात बुडवून झटका आणि ब्रशवरून अंगठा ओढत कागदावर तुषार उडवा. शाळेत कंगवा घेऊन जे स्प्रे पेंटिंग करायचो तेच हे. सालीवरचे ठिपके तयार.

करवंदाचा जांभळा बाटलीतला घेऊ नका. क्रिमझनमध्ये अल्ट्रामरीन ब्लू मिसळून स्वतः करा. लाल म्हणून शेंदरी लाल घेतला तर त्यातल्या पिवळ्यामुळे जांभळ्याऐवजी तपकिरी हाती लागतो, म्हणून क्रिमझनच हवा. कागदाच्या एका टोकाला लालसर जांभळा, दुसऱ्या टोकाला जवळजवळ काळपट निळा असा चढता रंग लावा. पिकायला लागलेली करवंदं लालसर टोकातून कापायची, पिकलेली काळपट टोकातून.

रातांब्यासाठी क्रिमझन आणि त्यात एका बाजूला निळ्याचा नुसता वास. बोंडूसाठी खाली पिवळा, वर लाल, दोन्ही ओले असताना एकमेकांत शिरू द्या. या दोन कागदांना पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

फणसाला ब्रश नको. सॅप ग्रीन, लेमन यलो आणि थोडा बर्न्ट सिएना एका ताटलीत शेजारी शेजारी ठेवा, न मिसळता. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज तिन्हींवर टेकवा आणि कागदावर टिपटिप करत जा. प्रत्येक टिपक्यात तिन्ही रंग कमीजास्त उतरतात. मधे मधे पांढरा कागद डोकावला तर परत एक हात द्या. गऱ्यांसाठी वेगळा कागद: लेमन यलोमध्ये चिमूटभर ऑरेंज.

पानांसाठी तीन तुकडे करा. एक गडद हिरवा (सॅप ग्रीनमध्ये थोडा निळा), एक पोपटी, आणि एक तांबूस (बर्न्ट सिएनामध्ये ऑरेंज).

आता हे सगळं सावलीत सुकू द्या. उन्हात ठेवलेला कागद पटकन सुकतो पण वळतो. पूर्ण सुकल्यावर टेप कागदापासून बाहेरच्या दिशेने, अगदी हळू ओढा, आणि सगळे तुकडे बटर पेपर मधे घालून जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा. सकाळी ते इस्त्री केल्यासारखे सपाट मिळतात.

घडी

ए४ शीट मधे दुमडून ए५ चं कार्ड होतं, म्हणजे पुढचं पान साधारण १४८ × २१० मिलिमीटर. दुमडण्याआधी कागदाचा कल बघा. शीट हलकेच आडवी वाकवा, मग उभी वाकवा. ज्या दिशेने ती सहज वाकते त्या दिशेने घडी स्वच्छ पडते. तुमची घडी उलट दिशेने येत असेल तर काळजी नको, फक्त रेघ जास्त जोरात ओढावी लागेल.

लांब बाजूच्या मध्यावर, १४८.५ मिलिमीटरवर, वर आणि खाली पेन्सिलीने बारीक खुणा करा. स्टीलची पट्टी लावा आणि रिकामी रिफिल दोनदा दाबून ओढा. कागद कापला जाऊ नये, नुसती खळगी पडावी. खळगी कार्डाच्या बाहेरच्या बाजूला आणि तिचा उठाव आतल्या बाजूला येईल अशी घडी घाला. उलट घातली तर कागदाचे तंतू बाहेर ताणले जाऊन घडीवर पांढरे केस निघतात. मग चमच्याच्या पाठीने घडी घोटून घ्या.

पुढच्या पानावर चिकटवायला १३८ × २०० मिलिमीटरचा फिकट निळा कागद कापा. चारही बाजूंनी ५ मिलिमीटर साईचा काठ उरेल. निळाच का? केशरी आणि निळा हे समोरासमोरचे रंग आहेत, त्यामुळे निळ्यावर ठेवलेला आंबा उठून दिसतो. पोपटी कागदावर पानं हरवतात. पिवळ्यावर तर आंबाच हरवतो.

आकार आणि कापणी

आकार आधी साध्या कागदावर काढा. आंबा साधारण साडेसहा सेंटिमीटर उंच आणि पाच सेंटिमीटर रुंद. दुसरा त्याहून जरा लहान. बोंडू पाच सेंटिमीटरचा आणि त्याची बी दीड-दोन सेंटिमीटरची, मूत्रपिंडाच्या आकाराची, राखाडी हिरवट. रातांबे तीन, प्रत्येक दोन सेंटिमीटरचा. पानं लांब निमुळती, सात-आठ, सगळी एकसारखी करू नका.

बटर पेपरवर आकार उतरवा आणि तो रंगवलेल्या कागदावर सरकवत फिरवा. बटर पेपरमधून खालचा रंग दिसतो. हिरवी छटा देठाजवळ आणि केशरी छटा खांद्यावर येईल अशी जागा सापडेपर्यंत शोधा. मुलांना हे शोधणं सगळ्यात जास्त आवडतं, कारण त्याच कागदातून प्रत्येकाला वेगळा आंबा सापडतो. जागा सापडली की बटर पेपरच्या मागून पेन्सिल घासून, समोरून रिफिलने आकार गिरवा. रंगीत बाजूवर फिकट रेघ उमटते.

कापताना कात्री स्थिर ठेवा आणि कागद फिरवा. रेघेच्या किंचित आतून कापा म्हणजे पेन्सिल दिसत नाही. कापून झालं की कडेला कागदाचा पांढरा गाभा डोळ्यात येतो. त्याच रंगाची रंगीत पेन्सिल आडवी धरून कडेवरून एकदा फिरवा. एवढ्या एका गोष्टीने कापलेला कागद कागद वाटत नाही, फळ वाटतं. मी शिकवते तेव्हा ही पायरी कुणालाही गाळू देत नाही.

पानांना मधली शीर काढायची नाही. पान उभं हलकेच दुमडून उघडा. घडीचीच शीर होते, आणि पान कागदावरून थोडं उचललेलंही राहतं.

दर्शनी पान

सगळे तुकडे निळ्या कागदावर नुसते मांडा, न चिकटवता. डहाळी डाव्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी खाली येऊ द्या. मोठा आंबा मध्याच्या थोडा उजवीकडे, लहान आंबा त्याच्यामागे एक-तृतीयांश झाकलेला. बोंडू खाली डावीकडे. रातांबे उजव्या खालच्या कोपऱ्यात, दोन शेजारी, एक जरा लांब पडलेला. तांबूस पान सगळ्यात वर. खालचा मधला भाग रिकामा ठेवा, तिथे अक्षरं येणार आहेत. मांडणी मनासारखी झाली की मोबाईलवर फोटो काढा, सगळं उचला आणि फोटो बघत मागून पुढे या क्रमाने चिकटवा: डहाळी, मागची पानं, लहान आंबा, मोठा आंबा, पुढची पानं.

फेव्हिकॉल पाण्यातला असल्याने जास्त झाला की पातळ कागदाला सुरकुत्या पडतात. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने अगदी पातळ थर ओढा आणि कडेपासून अर्धा सेंटिमीटर जागा सोडा. पानांना फक्त मधल्या शिरेवर लावा. मोठ्या आंब्याखाली फेव्हिकॉलऐवजी फोम टेपचे तीन लहान तुकडे लावा, म्हणजे तो वर उचलला जातो आणि त्याची खरीखुरी सावली लहान आंब्यावर पडते. फोम फक्त त्याच्याखालीच. सगळीच फळं उचलली तर कुठलंच उचललेलं दिसत नाही आणि पाकीटही फुगतं.

रातांब्यांवर पांढऱ्या जेल पेनने एकेक छोटी चकाकी द्या. आंब्यावर देऊ नका, हापूसची साल चकाकत नाही.

कोंबडा की कोंबडी

कार्ड उघडल्यावर डाव्या पानावर करवंदं येतात. तीन किंवा पाच करा, म्हणजे कोंबडे किती आणि कोंबड्या किती हा निकाल लागतो.

प्रत्येक करवंदाला दोन तुकडे लागतात. वरचं झाकण म्हणजे जांभळ्या कागदाचा साडेतीन सेंटिमीटरचा गोल, पण कापताना वरच्या बाजूला दीड सेंटिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर उंच अशी सरळ पट्टी सोडा. ही त्याची बिजागरी. गोल आणि पट्टी जिथे जुळतात तिथे रिफिलने रेघ ओढून ती मागे-पुढे दुमडून सैल करा. खालचा तुकडा म्हणजे आतला गर. तो ३.३ सेंटिमीटरचा ठेवा म्हणजे झाकणाबाहेर डोकावत नाही. कोंबड्यासाठी गर गुलाबीसर लाल, कोंबडीसाठी पांढुरका, अगदी किंचित गुलाबी. सुकल्यावर बारीक तपकिरी पेनने चार-पाच चपट्या बिया काढा. आणि झाकणाची आतली बाजूसुद्धा गराच्याच रंगाने रंगवा. करवंद तोडलं की दोन्ही अर्ध्यांत तोच रंग दिसतो. झाकणाआड कोरा पांढरा कागद दिसला तर सगळा खेळ फसतो.

आधी गर चिकटवा. त्याच्या लगेच वर झाकणाची पट्टी चिकटवा, तेही पट्टीलाच फेव्हिकॉल लावून, गोलाला चुकूनही लागू न देता. पट्टीवर देठ आणि दोन लहान अंडाकृती पानं बसवा, बिजागरी झाकली जाते. करवंदाच्या जाळीला काटे असतात, ते डहाळीवर पेनने जोडीजोडीने काढा. प्रत्येक झाकणावर पांढऱ्या पेनने एक चकाकी हवीच, कारण पिकलं करवंद काळ्या मण्यासारखं चमकतं. पानाच्या वर लिहा: "कोंबडा की कोंबडी? आधी सांग, मग उघड!"

पहिल्या वर्षी माझं इथेच चुकलं. कार्ड जूनमध्ये पाठवलं, पाऊस सुरू झाला होता. पोस्टर कलर सुकल्यावरही दमट हवेत पुन्हा किंचित चिकट होतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. झाकणाच्या आतला रंग गरावर चिकटला आणि बहिणीने उघडायला गेल्यावर दोन करवंदं फाटली. तेव्हापासून रंगवलेले दोन पृष्ठभाग जिथे एकमेकांवर टेकतात तिथे मी पांढरी मेणबत्ती हलक्या हाताने घासते, आणि पाकिटात घालताना प्रत्येक झाकणाआड बटर पेपरचा कपटा ठेवते. पावसाळ्यात कार्ड पाठवणार असाल तर दोन्ही गोष्टी करा.

फणसाची दारं

उजव्या पानावर फणस. नऊ सेंटिमीटर रुंद, तेरा सेंटिमीटर उंच, पण पूर्ण अंडाकृती नको. डाव्या आणि उजव्या कडेला चार-चार सेंटिमीटरचा भाग सरळ ठेवा. खरा फणसही पुष्कळदा असा पिंपासारखाच असतो, आणि आपल्याला बिजागरीसाठी ती सरळ बाजू हवी आहे. वाकड्या रेघेवर दार उघडत नाही.

कापण्याआधी काटे उठवायचे. स्पंजने रंगवलेला कागद उलटा करून जुन्या चादरीच्या घडीवर किंवा वर्तमानपत्राच्या आठ-दहा पदरांवर ठेवा. रिकाम्या रिफिलने मागून ५-५ मिलिमीटरवर तिरक्या ओळीत ठिपके दाबत जा. पुढची ओळ मागच्या ओळीच्या मधल्या जागांत, म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारखी रचना होते. आधी एका कोपऱ्यात दाबून बघा: किती जोर लावला की उठाव येतो आणि किती लावला की कागद फाटतो हे हाताला कळायला चार ठिपके पुरतात. कागद सुलटा करा, तपकिरी रंगीत पेन्सिल पूर्ण आडवी धरून वरून फिरवा. रंग फक्त उठलेल्या टोकांना लागतो आणि फणस बोटांना काटेरी लागायला लागतो. हे आजवर ज्याच्या हातात दिलं त्या प्रत्येकाने आधी बोट फिरवून बघितलं.

आता आकार कापा. दोन्ही सरळ बाजूंना एक सेंटिमीटरच्या पट्ट्या सोडा. फणस मधोमध उभा कापला की दोन दारं होतात. साईच्या कागदातून त्याच मापाचा, पण पट्ट्या नसलेला दुसरा आकार कापा, ती आतली बाजू. दारांच्या पट्ट्या या आकाराच्या मागे दुमडून चिकटवा. फेव्हिकॉल पूर्ण सुकला की सगळा फणस कार्डावर चिकटवा आणि वर छोटा देठ द्या.

आतल्या बाजूला गरे. पिवळ्या कागदातून तीन सेंटिमीटरचे लांबट थेंब कापा, सहा किंवा सात, आणि मधल्या उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना मांडा. प्रत्येक गऱ्यावर बारीक अक्षरात एकेक आठवण लिहा. माझ्या एका कार्डातले काही गरे असे होते: "माळ्यावरची अढी", "तू पडलीस तो बांध", "आजीच्या हातची सांदणं". लांबलचक शुभेच्छांपेक्षा हे तीन-चार शब्द पुरे पडतात, पण ते खरे असायला हवेत. दारांच्या आतल्या बाजूला काही लिहू नका, तिथे साईचाच रंग द्या.

अक्षरं

देवनागरी अक्षर शिरोरेखेला लटकतं, त्यामुळे पेन्सिलीची मदतरेघ अक्षरांच्या डोक्यावर आखा, पायाखाली नव्हे. पायाखाली आखली की वेलांट्या, मात्रा आणि उकार यांच्या उंचीचा घोळ होतो. वर वेलांटीसाठी आणि खाली उकारासाठी अक्षराच्या उंचीच्या निम्मी जागा मोकळी सोडा. आधी शिरोरेखेखालची अक्षरं लिहा, शेवटी एका दमात शिरोरेखा ओढा. दर्शनी पानावर दोन-तीनच शब्द हवेत. मी "यंदाचा मेवा" लिहिते, वाढदिवस असेल तर फक्त नाव. रंग गडद निळा किंवा तपकिरी घ्या. लाल अक्षरं फळांशी भांडतात.

पाच-सहा वर्षांची मुलं करणार असतील तर कटर आणि पट्ट्यांचं काम तुमच्याकडे ठेवा. रंग पसरणं, तुषार उडवणं, काटे उठवणं आणि कोंबडे किती हे ठरवणं त्यांच्याकडे द्या.

पाकीट

ए५ कार्डाला बाजारी पाकीट मिळतं, पण घरी केलेलं नेमकं बसतं. ए३ आकाराच्या खाकी कागदातून २६ × ३६ सेंटिमीटरचा तुकडा घ्या. डाव्या-उजव्या कडेपासून २-२ सेंटिमीटरवर उभ्या रेघा मारा. वरून ६ आणि खालून १४ सेंटिमीटरवर आडव्या रेघा मारा. मधे २२ × १६ सेंटिमीटरचा आयत उरतो, तीच पाकिटाची पुढची बाजू. चार कोपऱ्यांचे आयत कापून टाका, कडेच्या पट्ट्या आत दुमडा, खालचा भाग वर आणून त्या पट्ट्यांवर चिकटवा. वरचा सहा सेंटिमीटरचा भाग झाकण होतो.

पाकिटावर फळांचे ठसे छान दिसतात, आणि इथे खरं फळ वापरता येतं. लिंबू आडवं कापून तासभर वर्तमानपत्रावर पालथं ठेवा, रस निघून गेला की फोडींच्या भिंती स्पष्ट उठतात. घट्ट पोस्टर कलर स्पंजवर घेऊन त्यावर लिंबू टेकवा आणि कागदावर एकदाच दाबा, सरकवू नका. करमळ (स्टारफ्रूट) मिळालं तर त्याच्या चकतीचा चांदणीसारखा ठसा येतो. ठसे फक्त मागच्या बाजूला आणि पुढे डाव्या खालच्या कोपऱ्यात द्या. पत्त्याची जागा आणि तिकिटाचा उजवा वरचा कोपरा मोकळा हवा.

कार्ड पाकिटात घालण्याआधी प्रत्येक करवंद आणि फणसाची दोन्ही दारं दोनदा उघडून मिटून बघा. कुठे फेव्हिकॉल ओघळून झाकण धरून बसलं असेल तर आत्ताच पट्टीच्या कडेने सोडवता येतं. मग बटर पेपरचे कपटे घाला, पुढच्या आंब्यावरही एक ठेवा, आणि तिकीट अंदाजाने न लावता पोस्टाच्या खिडकीवर वजन करून घ्या. शिक्का जोरात बसतो, म्हणून कार्ड असं सरकवा की उचललेला आंबा तिकिटाच्या कोपऱ्याखाली येणार नाही.